चिठ्ठ्या किती ढवळायच्या?

प्रभाग आरक्षणाची सोडत आपल्या कोल्हापुरालाही परिचयाची आहे. शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढतात, कारण त्यांचा निकालात स्वार्थ नसतो. पण चिठ्ठ्या नीट मिसळल्या का, हे कोण तपासतं? त्या तपासणीचा इतिहास आज आपण पाहू.

मुंबईतला आकड्यांचा जुगार आधी न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावांवर चाले. खेळणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, हीच त्याची हमी. 1961 साली ते भाव बंद झाले. मग वरळीत कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांचे खेळ सुरू झाले. मडक्यातून चिठ्ठ्या निघत, म्हणून 'मटका'. पुढे पत्त्यांची तीन पानं काढून बेरजेचा शेवटचा अंक धरू लागले. साधनं बदलली, पण भरवसा माणसावरच राहिला.

अंकांचीच परीक्षा घ्यायची, हे संख्याशास्त्रानं शिकवलं. 1927 मध्ये टिपेट यांनी 41,600 यादृच्छिक अंकांचा तक्ता छापला. 1938 मध्ये केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी चार कसोट्या मांडल्या: प्रत्येक अंक साधारण सारख्या वेळा येतो का, अंकांच्या जोड्या सारख्या पडतात का, चार-चारांच्या गटांत किती अंक जुळतात, आणि दोन शून्यांमध्ये अंतर किती पडतं.

कसोटी नसली की काय होतं? 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत झाली. 366 जन्मतारखांच्या कुप्या महिनावार भरल्या, पण पुरेशा ढवळल्या नाहीत. वर्षाअखेरीस जन्मलेल्यांना आधीचे क्रमांक जास्त आले. आधीचा क्रमांक म्हणजे आधी बोलावणं, आणि तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. कसोटी दोष दाखवते, निर्दोषपणा सिद्ध करत नाही. टिपेटचा तक्ता शेतांच्या पाहणीसाठी नमुना निवडायला चालतो. सोडतीला मात्र तो कुचकामी, कारण पुढचा अंक कुणीही पुस्तकात बघून सांगेल. म्हणजे प्रश्न दोन आहेत. अंक सारखे पडतात का? आणि ते आधी कुणाला कळू शकतात का? 'पुरेसं' हा शब्द कामावर ठरतो.

म्हाडाच्या घरांची सोडत आता संगणकावर निघते. मडकं ढवळताना निदान दिसत होतं. संगणकाचं ढवळणं दिसत नाही. म्हणून कार्यक्रमाची तपासणी सोडतीआधी, आणि ज्याचा त्यात स्वार्थ नाही अशा माणसाकडूनच व्हावी, हा आग्रह आपण नागरिकांनीच धरायला हवा.