कलम १७ पाठ आहे, कलम २२ चं काय?

आमच्या कामाच्या भागात जयंतीनंतर एक दृश्य जवळपास ठरलेलं असतं. मिरवणुकीत कुठेतरी बाचाबाची होते, रात्री वस्तीतली दोन-तीन पोरं उचलली जातात आणि पहाटे त्यांच्या आया पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या दिसतात. पहिला फोन नगरसेवकाला जातो, दुसरा कार्यकर्त्याला, तिसरा कुणाच्या तरी ओळखीच्या हवालदाराला. वकिलाला फोन सगळ्यात शेवटी जातो. तोवर पोराला कोर्टात उभं करून रिमांडही झालेला असतो. मग व्याजाने पैसे काढून वकील लावला जातो आणि पुढे चार-पाच वर्षं तारखा सुरू राहतात. भरतीच्या वेळी पोलीस पडताळणीत तीच केस आडवी येते.

याच वस्तीत कुठल्याही पोराला कलम १७ विचारा. अस्पृश्यता नष्ट केली, असं तो झोपेतून उठवला तरी सांगेल. पण अटक झाल्यावर कामाला येणारं कलम २२ विचारलं की शांतता पसरते. हे कलमही बाबासाहेबांनीच संविधान सभेत मांडलं होतं. आपल्या चळवळीने बाबासाहेबांचा हा वारसा का उचलला नाही, हा प्रश्न आम्हाला आज स्वतःला आणि तुम्हालाही विचारायचा आहे.

आधी वकील बाबासाहेब आठवूया. आपण त्यांना घटनाकार म्हणतो, अर्थतज्ज्ञ म्हणतो. पण १९२३ पासून ते मुंबईत वकिली करत होते, हे भाषणात क्वचितच येतं. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कार्यालयात गरीब माणसं आपली गाऱ्हाणी आणि कज्जे घेऊन येत. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकरांवर जहाल टीका होती. त्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी दोषी ठरले. १९२६ साली पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चाललं, तेव्हा आरोपींच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले आणि सगळे सुटले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’च्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होता. तेव्हाही उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली. तो खटला हरला. पण ज्याच्या बाजूने उभं राहायला समाज कचरतो, त्यालाही वकील मिळालाच पाहिजे, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते.

आता १९४९. घटनेच्या मसुद्यातल्या कलम १५ मधून, म्हणजे आजच्या कलम २१ मधून, ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द वगळले गेले होते. सरकारने कायदा करून कुणालाही आत टाकलं तर अडवणार कोण, अशी टीका होत होती. बाबासाहेबांनी ती टीका टाळली नाही. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी ‘कलम १५-अ’ मांडलं आणि आधी जे गेलं त्याची ही भरपाई आहे, अशा अर्थाचं स्पष्टीकरण दिलं. त्यात तीन गोष्टी होत्या. अटकेचं कारण लगेच सांगायचं, आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला आणि बचाव मिळू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्या. मग घटनेत कशाला? कारण साधा कायदा विधिमंडळ उद्या बहुमताने बदलू शकतं, मूलभूत हक्क तसा बदलता येत नाही. हेच १५-अ म्हणजे आजचं कलम २२.

इथे एक अवघड गोष्ट लपवायची नाही. याच कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे आणि तशा स्थानबद्धाला वकिलाचा हा हक्क मिळत नाही. तो भागही बाबासाहेबांनीच मांडला. त्यावर सभेत कडक टीका झाली आणि पुढे सत्तेने त्या भागाचा भरपूर वापर केला. बाबासाहेबांना मानणं म्हणजे हे झाकणं, असं आम्हाला वाटत नाही.

हक्क कागदावर आला, पण वकिलाची फी कोण देणार? घटना लागू झाल्यावर लगेचच, १९५१ मध्ये, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. तेव्हा न्यायालयाने अर्थ लावला तो असा : आरोपीने वकील केला तर त्याला अडवता येणार नाही, पण वकील पुरवणं हे राज्याचं कर्तव्य नाही. म्हणजे विहीर सगळ्यांना खुली, पण दोर आणि पोहरा ज्याचा त्याने आणायचा. भूमिहीन मजुराच्या पोराला अशा विहिरीचा काय उपयोग?

पोहरा मिळायला पुढची पंचवीस वर्षं गेली. १९७३ च्या फौजदारी संहितेने सेशन्स खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी सहाय्याचं कलम ३९-अ आणलं, तेही नेमकं आणीबाणीत, हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात असताना. खरा अर्थ भरला तो नंतरच्या निकालांनी आणि त्यातले दोन महाराष्ट्रातले आहेत. १९७८ च्या होसकोट खटल्यात निकालाची प्रत वेळेत हाती न आल्याने अपिलाला काही वर्षांचा उशीर झाला होता. कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील मिळालाच पाहिजे, असं न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यात बजावलं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावरच्या १९८३ च्या निकालात आदेश झाला की कुणालाही अटक करून कोठडीत आणलं की जवळच्या विधी सहाय्य समितीला पोलिसांनी लगेच कळवावं.

आणि १९८६ चा सुकदास खटला. आरोपीने वकील मागितला नव्हता, म्हणून दिला नाही, असा बचाव झाला. न्यायालयाने तो फेटाळला. ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही, तो मागणार कसा? म्हणून हक्क सांगणं हे न्यायाधीशाचंच काम आहे, असं म्हणून शिक्षा रद्द झाली.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला १९९५ ला. त्याचं कलम १२ वाचून ठेवा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, तसंच कोठडीत असलेला कुणीही माणूस मोफत वकिलाला पात्र आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे ‘आम्ही बौद्ध, आम्हाला बसतं का?’ ही शंका काढून टाका. आज अनेक जिल्हा न्यायालयांत आरोपींच्या बचावासाठी ‘लोकअभिरक्षक कार्यालय’ आहे. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

तरी लोक तिथे जात नाहीत. आम्ही विचारलं की उत्तर येतं, ‘सरकारी वकील आपल्या बाजूने कसा बोलेल?’ वस्तीत दोन माणसं एकच समजली जातात. सरकारी वकील पोलिसांची बाजू मांडतो. विधी सेवेचा वकील तुमचा असतो, त्याचं मानधन फक्त सरकार देतं. दुसरी तक्रार अशी की फुकटचा वकील लक्ष देत नाही. ही तक्रार प्रत्येक वेळी खोटी नसते. असं झालं तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागा. पण पहिल्या रिमांडला कुणीच उभं नसण्यापेक्षा कुणीतरी उभं असणं फार मोलाचं आहे. अंगावर मारल्याच्या खुणा आहेत का, अटकेचं कारण लेखी दिलं का, हे दंडाधिकाऱ्यासमोर बोलणारा कुणीतरी तिथे लागतो.

ही घाई का, ते परभणीने दाखवलं. १० डिसेंबर २०२४ ला तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या आईने माघार घेतली नाही, ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. सोमनाथ परत आला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुठल्याही गुन्ह्यात अटकेचं कारण आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावं लागेल, उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी. १९४९ चं वाक्य ७६ वर्षांनी इथवर आलं. हा कागद मागायला आपल्या पोरांना कोण शिकवणार?

अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली की समोरून दरोड्याची क्रॉस केस येते, आंदोलन केलं की सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागतं. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर गुन्हे आणि कोंबिंग ऑपरेशन आपण पाहिलंच आहे. दलितावर खोटी केस करणं हाच अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(प) खाली गुन्हा आहे, पण ते कोर्टात मांडायला वकील लागतो. व्यवस्था आपल्यावर केस करणार, हे आपल्याला माहीत असतं. तरी मोर्चाच्या बैठकीत बॅनर, गाड्या, नाश्ता सगळं ठरतं आणि वकील मात्र ठरत नाही.

म्हणून येत्या जयंतीच्या मंडळाच्या बैठकीत एक विषय घ्या. तालुक्यातल्या दोन वकिलांशी आधी बोला, विधी सेवा समितीचं ऑफिस स्वतः जाऊन बघा, वर्गणीतला थोडा भाग जामिनाच्या खर्चासाठी बाजूला ठेवा. विहारात एका रविवारी कलम २२ वाचा, तेही आयांसमोर वाचा, कारण पहाटे पायरीवर त्याच बसलेल्या असतात.

जय भीम.