भातानंतरचा पांढरा कांदा

थंडीच्या तोंडावर वाफ्यात काय लावायचं? अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. भातकापणी उरकली की पांढरा कांदा!

खाचरात मुरलेल्या ओलीचा या पिकाला मोठा आधार. १८८३च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. (कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ मध्ये.)

खरी कारागिरी दिसते काढणीनंतर. पात कापून टाकत नाहीत. ती सुकवून, वेणीसारखी गुंफून माळा बांधतात. त्या टांगल्या की कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो, तो टिकतो. हे काम बहुतेक बायकांच्या हातचं, आणि कौतुकात तेच मागे राहतं.

चव गोडसर, तिखटपणा बेताचा. आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. माळ घेताना गाव जरूर विचारा.