साठवरून एकवर: 'आशा'ची ब्रिटनमधली गोष्ट

या भागाची सुरुवात झाली साताऱ्याच्या स्टँडवर. पुण्याहून सांगलीला घरी चाललो होतो, गाडी थांबलेली, हातात चहा. अ‍ॅपनं स्वतःहूनच एक इंग्रजी गाणं लावलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. मला वाटलं, आशा हा कुठलातरी इंग्रजी शब्द असेल. पण मध्येच रफींचं आणि लता मंगेशकरांचं नाव ऐकू आलं. चहा राहिला बाजूला, मी सर्च करत बसलो.

तर ही आशा म्हणजे आशा भोसले. जन्म ८ सप्टेंबर १९३३, सांगलीतला. तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं. पहिलं सिनेगीत गायलं ते मराठी, १९४३च्या 'माझं बाळ'मध्ये, म्हणजे वय जेमतेम दहा.

गाणं मात्र लेस्टरमध्ये सुरू झालेल्या कॉर्नरशॉप या बँडचं. लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग. ऑगस्ट १९९७मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटनच्या चार्टवर ६०व्या नंबरला अडकलं. मग नॉर्मन कुकनं, म्हणजे फॅटबॉय स्लिमनं, त्याचा वेग वाढवून रिमिक्स केला. फेब्रुवारी १९९८मध्ये तो थेट पहिल्या नंबरवर! एकच आठवडा टिकला. त्याच्या आधी तिथं 'टायटॅनिक'मधलं सेलीन डायनचं गाणं होतं, नंतर मॅडोना आली. या दोघींच्या मधे आपल्या सांगलीचं नाव, काय म्हणता?

आता जरा मागे जाऊ. ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट छापला गेला १४ नोव्हेंबर १९५२ला. आपल्याकडे बिनाका गीतमालाही १९५२चीच, पण ती लागायची रेडिओ सिलोनवर. कारण त्या काळात माहिती-प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर (हो, मराठीच!) आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास दार बंद. पुढे गीतमालेत गाण्यांचे नंबर लागायला लागले, अमीन सायानी त्यांना 'पायदान' म्हणायचे. त्यांचा आवाज आपल्या आजी-आजोबांना पाठ असेल.

मला यातली खरी गोष्ट वेगळीच वाटते. पार्श्वगायिकेचं नाव सुरुवातीला तबकडीवरही नसायचं. १९४९च्या 'महल'च्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. पडद्यावर ओठ हलवणारीला चेहरा, गाणारीला काहीच नाही. आणि इथं तर एका पंजाबी घरातल्या पोरानं ब्रिटनमध्ये पार्श्वगायिकेचं नाव थेट गाण्याच्या शीर्षकातच टाकलं. रिमिक्सला नावं ठेवत नाही, पण मूळ गाण्याची संथ लय मला जास्त आवडते. ६०वा नंबर त्याच्यावर अन्यायच होता.

घरी पोचल्यावर आईला दोन्ही ऐकवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सगळं बरंय रे, पण यात आशाताई गातात कुठं?"

गातच नाहीत.