उफणणीच्या वाऱ्यात

साल १९३५, महिना मार्गशीर्ष. तुम्ही कुंडलिकेच्या अष्टमीकडच्या काठावर उभे आहात, पलीकडे रोहे. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे आणि आगगाडी इथवर यायला पन्नास वर्षं अवकाश आहे. नदीला मात्र भर हिवाळ्यात पाणी आहे, कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं पाणी १९२७ पासून याच पात्रात येतं.

खळ्याकडे चला. दोन गडी भाताच्या पेंढ्या फळीवर आपटतायत. त्यांच्या तोंडांकडे बघा, दोन्ही उघडी. निवांत बसलेला माणूस मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो, दर श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा. म्हणजे मिनिटाला सहा-सात लिटर. झोडणीसारख्या कष्टात हाच आकडा चाळीस लिटरांच्या पुढे जातो. एवढी हवा एकट्या नाकाला झेपत नाही, म्हणून तोंड उघडतं आणि नाकातली चाळणी बाजूला पडते.

थोडं पुढे एक बाई सूप डोक्याच्या वर धरून भात उफणतेय. दाणे सरळ पायाशी, तूस आणि कुसळं वाऱ्यावर. तुम्ही नेमके वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे.

"पावणे, वरच्या अंगाला या. तिथं सगळं तोंडात जाईल."

तुम्हाला तोवर सटासट शिंका आल्याच आहेत. भीती नको. डोळ्यांना दिसणारी ही धूळ जाडी असते. दहा मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण नाकातच अडकतात. त्याहून थोडे बारीक कण घशाच्या आणि श्वासनळीच्या फाट्यांवर आदळतात. भरधाव गाडी वळणावर घातली की वरचं ओझं बाहेर फेकलं जातं, तसंच हे. श्वास जितका जोरात, तितके कण वरच्या वळणांवरच चिकटतात आणि खाकरल्यावर बाहेर येतात.

आता बाईकडे नीट बघा. पदर नाकावरून घट्ट घेतलाय. सूप कलंडताना तिचा श्वास थांबतो. सूप रिकामं झालं, वाऱ्याने तूस पुढे नेलं, की ती मान वळवून श्वास घेते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

तिच्या मागोमाग घरात या. चूल धुमसतेय. ती फुंकणी ओठांना लावते, लांब फुंक घालते आणि छाती रिकामी होते. खरा धोका पुढच्या क्षणाला आहे, कारण रिकामी छाती खोल श्वास मागते. ती फुंकणी काढून तोंड दाराकडे करते, तेव्हा कुठे श्वास ओढते. शेजारी बसलेल्या लेकीला ते अजून जमत नाही. ती चुलीवर वाकूनच श्वास घेते आणि खोकते.

या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून बारीक. पदर त्यांना अडवत नाही, नाकही फारसं नाही. बरेचसे आत जाऊन उच्छ्वासाबरोबर परत येतात. पण श्वास खोल घेतला आणि आत रोखला, तर त्यांना वायुकोशांत टेकायला वेळ मिळतो. तिथे कण वर ढकलणारे केस नसतात.

कौलांच्या फटीतून आलेला कवडसा धुरामुळे पांढरा दिसतोय. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८७० साली जॉन टिंडल यांनी अशाच प्रकाशझोतावर उच्छ्वास सोडून दाखवला होता. उच्छ्वास संपत आला तसा झोतात काळा खंड पडला. शेवटी येणारी हवा फुप्फुसाच्या तळची होती आणि तिच्यातली धूळ आतच राहिली होती.

तुम्ही उभे आहात त्याच वर्षी जर्मनीत वॉल्टर फिन्डायझेन कोणता कण फुप्फुसात कुठे बसेल याचा हिशोब छापतायत. घाटावर लोणावळ्यात कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतलाय. खळ्यावरच्या बाईला या दोघांचीही खबर नाही. श्वास कधी घ्यायचा आणि कुठे तोंड करून घ्यायचा, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे.

आता आजच्या अष्टमीत या. दम्याचा फवाऱ्याचा पंप देताना डॉक्टर सांगतात, सावकाश, खोल ओढा आणि दहा सेकंद रोखा. जोरात ओढलं तर औषध घशातच आदळतं. (पावडरचा पंप मात्र जोरात ओढायचा, कारण पावडर मोकळी व्हायला तो झटका लागतो.) सावकाश, खोल, रोखलेला श्वास औषध तळापर्यंत पोचवतो. पण हवेत धूर असेल तर तोच श्वास धूरही तितक्याच इमानाने पोचवतो. दीर्घ श्वास चांगला की वाईट, हे आसपासची हवा ठरवते. म्हणून उन्हाळ्यात शेजारच्या शेतात राब भाजत असतील, त्या सकाळी कुंभकाला, म्हणजे प्राणायामात श्वास रोखण्याला, खुशाल सुट्टी द्या.