खटका कोणी दाबायचा?

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका डावीकडून उजवीकडे पुन्हा पुन्हा धावतो. प्रत्येक धाव तरंगाच्या वेगळ्याच ठिकाणापासून सुरू झाली, तर आकृती सरकत राहते आणि आपल्याला काहीच मोजता येत नाही.

ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणकिरण नळी बनवली. झेनेक यांनी १८९९ मध्ये तिला काळाचा आडवा अक्ष दिला. पुढच्या बहुतेक उपकरणांत ठिपका आपल्याच लयीत धावे व ती लय तरंगाशी जुळवावी लागे. नियमित तरंगाला हे चाले, अवचित येणाऱ्या स्पंदाला नाही. १९४७ मधील टेक्ट्रॉनिक्सच्या ‘५११’ने वेगळी रीत रूढ केली. ठिपका थांबून राहतो. संकेताने ठरावीक व्होल्टता ओलांडली की धाव सुरू. म्हणजे खटका संकेतच दाबतो!

महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तेथे वापरलेल्या थेंबमापकावर थेंब आदळला की विद्युत स्पंद उमटतो. स्पंदाच्या उंचीवरून थेंबाचा आकार कळतो. येथेही उंबरठा हवाच. तो फार खाली असला, तर गोंगाटही थेंब म्हणून मोजला जातो; वर असला, तर बारीक थेंब गळतात. सह्याद्रीच्या पावसात बारीक थेंब विपुल असल्याने ही गळती क्षुल्लक नाही.

शाळा-कॉलेजात ऑसिलोस्कोप असल्यास ट्रिगर ‘नॉर्मल’वर ठेवून ‘लेव्हल’ची कळ फिरवून पाहावी. उंबरठा तरंगाच्या शिखरापलीकडे गेला की धाव थांबते. तरंग मात्र चालूच असतो, हे विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून दाखवतो.