चार झऱ्यांची टाकी

नववीच्या वर्गात अपूर्णांकांची समीकरणं शिकवताना मी पुस्तक मिटते आणि 'लीलावती'तली टाकी फळ्यावर काढते. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेलं गणित आजही मुलांना गप्प बसवतं. चार झरे, एकटा सोडला तर पहिला टाकी एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक षष्ठांश दिवसात. सगळे एकदम सोडले तर?

आचार्यांची रीत अशी: प्रत्येक अपूर्णांकाच्या छेदाला अंशाने भागा, येणाऱ्या संख्यांची बेरीज करा, तिने एकाला भागा. एक, दोन, तीन, सहा मिळून बारा. म्हणजे दिवसाचा बारावा भाग. दिवसाच्या साठ घटका धरल्या तर फक्त पाच घटका! आज आपण अज्ञाताला 'क्ष' म्हणतो. त्यांच्या 'बीजगणिता'त तो 'या' आहे, यावत्तावत् मधला. अपूर्णांक मांडताना अंश-छेदांमध्ये आडवी रेघही नसे.

ही विद्या आपल्या मातीत रुजवली त्यांचा नातू चांगदेव याने. चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. 1207च्या सुमाराचा तिथला शिलालेख शेवटी मराठीत उतरतो, आणि बाजारातल्या कराचा वाटा मठाला दिल्याचं सांगतो. गणिताच्या शिकवणीला बाजाराने पैसा पुरवला, याचा मला फार अभिमान वाटतो.