देल पोंते, कार्ला
(९ फेब्रुवारी १९४७– ). स्विस विधिज्ञ, सरकारी अभियोक्ता आणि भूतपूर्व यूगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्ता (१९९९–२००७). जन्म तीचीनो या इटालियनभाषी कँटनमधील बिन्यास्को या गावी. कायद्याचे शिक्षण बर्न व जिनीव्हा येथे. लुगानोत काही वर्षे वकिली केल्यावर १९८१ मध्ये त्या तेथेच तपासी दंडाधिकारी व पुढे सरकारी अभियोक्ता झाल्या.

लुगानो हे इटलीच्या सीमेलगतचे बँकव्यवसायाचे केंद्र. सिसिलीतील माफिया टोळ्यांचा मादक द्रव्यांच्या व्यापारातील पैसा तेथील बँकांतून फिरत असे. बँकखात्यांची गुप्तता हा ज्या देशात जवळजवळ राष्ट्रीय बाणा होता, तेथे देल पोंते यांनी पालेर्मोचे दंडाधिकारी जोव्हान्नी फाल्कोने यांना या तपासात साहाय्य केले. जून १९८९ मध्ये फाल्कोने यांच्या आद्दाउरा येथील समुद्रकाठच्या घराजवळ स्फोटके सापडली. त्या वेळी देल पोंते त्यांच्या भेटीस आल्या होत्या. दोघेही बचावले, फाल्कोने यांची मात्र २३ मे १९९२ रोजी हत्या झाली. १९९४ ते १९९९ या काळात देल पोंते स्वित्झर्लंडच्या महाभियोक्ता होत्या. मेक्सिकोच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे बंधू राउल सालिनास यांची स्विस खाती याच काळात गोठविली गेली.

सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांनी हेग येथील पदाची सूत्रे हाती घेतली. न्यायाधिकरणापाशी स्वतःचे पोलीसदल नव्हते. आरोपपत्र हेगमध्ये तयार होई. अटक मात्र बेलग्रेड वा झाग्रेब येथील शासनाच्या मर्जीवर अवलंबून असे. म्हणून आर्थिक साहाय्य व यूरोपीय संघाचे सदस्यत्व यांची आरोपींच्या स्वाधीनतेशी सांगड घालावी, असा आग्रह त्या पाश्चात्त्य राजधान्यांतून धरीत राहिल्या. स्लोबोदान मिलोशेविच यांना सर्बियाने २८ जून २००१ रोजी हेगला पाठविले, ते साहाय्यदात्या देशांच्या परिषदेच्या आदल्या दिवशी. मूळचे कोसोव्होविषयक आरोपपत्र पूर्वाधिकारी लुईझ आर्बर यांचे. देल पोंते यांनी क्रोएशिया व बॉस्निया येथील गुन्ह्यांचे आरोप त्यास जोडले. फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झालेला हा खटला आरोपीच्या मृत्यूमुळे (११ मार्च २००६) निकालावाचून संपला. आरोपांच्या अवाढव्य व्याप्तीमुळे तो लांबला, ही टीका निराधार म्हणता येत नाही. नाटोच्या १९९९ मधील बाँबहल्ल्यांची चौकशी सुरू न करण्याच्या त्यांच्या निर्णयावरही पक्षपाताचा आरोप झाला.

रवांडाविषयक न्यायाधिकरणाचे अभियोक्तापदही त्यांच्याकडेच होते. तेथे वंशसंहारानंतर सत्तारूढ झालेल्या तुत्सीप्रधान पक्षाच्या सैनिकांचीही चौकशी त्यांनी आरंभिली. २००३ मध्ये सुरक्षा परिषदेने हे पद वेगळे करून दुसऱ्याकडे सोपविले. कामाची सोय हे त्याचे अधिकृत कारण. रवांडा शासनाचा दबाव हे खरे कारण, असे देल पोंते यांचे म्हणणे. २००७ अखेर त्या हेगहून निवृत्त झाल्या, तेव्हा रादोव्हान काराजिच व रात्को म्लादिच अद्याप फरारी होते. ते अनुक्रमे २००८ व २०११ मध्ये पकडले गेले.

पुढे त्या अर्जेंटिनात स्वित्झर्लंडच्या राजदूत होत्या (२००८–११). २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सीरियाविषयक चौकशी आयोगावर त्यांची नियुक्ती झाली. तेथील गुन्हेगारांवर खटले भरण्याची सुरक्षा परिषदेची इच्छाच नाही, असे जाहीर करून २०१७ मध्ये त्यांनी ते पद सोडले.